ओळखीच्या यंत्रांची वही

१

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मात्र गेल्या आठ महिन्यांत कळला, कारण फाशी दिलेला संन्यासी म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण.

ताई कृत्रिम गुडघे बनवणाऱ्या एका कारखान्यात आराखडे काढायची. एकाच गुडघ्यावर तिने अकरा वर्षं घालवली. त्याची खुबी अशी, की चालताना ठेच लागली तर आतली एक बारीक खीळ झटक्यात पडते, गुडघा ताठ होतो आणि माणूस तोंडावर आपटत नाही. त्याच्या पेटंट-नोंदणीचा अर्ज शुक्रवारी जायचा होता. त्याआधी मंगळवारी, दुपारी एक वाजून नऊ मिनिटांनी, त्याचे सगळेच्या सगळे दोन हजार एकशे चाळीस आराखडे कारखान्याच्या मुख्य यंत्रातून, म्हणजे मोठ्या संगणकातून, कुणीतरी कॉपी करून नेले. गुरुवारी समोरच्या कंपनीने तोच गुडघा स्वतःच्या नावावर नोंदवायला टाकला.

मुख्य यंत्राच्या नोंदवहीत लिहिलं होतं की आराखडे ताईच्या किल्लीने गेले.

ही किल्ली म्हणजे एक छोटीशी फाइल. दूरच्या यंत्रातून काही आणायचं तर पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची: अमुक यंत्रातलं तमुक कॉपी कर, इथे आणून ठेव. पलीकडचं यंत्र किल्ली बघतं, जुळली तर माल पाठवतं, आणि वाटेत कुणी डोकावलं तरी त्याला काही वाचता येत नाही. व्यवस्था भक्कम आहे. फक्त किल्ली ज्याच्या हातात, त्यालाच ती मालक मानते.

"किल्ली तुझी, म्हणजे हात तुझा," असं मालकीणबाई भर हॉलमध्ये, सगळ्या विभागासमोर म्हणाल्या. ताई त्याच दारातून बाहेर पडली. नंतर सहा ठिकाणी तिने कामासाठी अर्ज केले. सहाही ठिकाणी तिच्या आधी तिची बदनामी पोचली होती. पूर्वी ही बाई वाणसामानाच्या यादीतसुद्धा डब्याचं चित्र काढायची. आता तासन् तास भिंतीकडे बघत बसते.

माझा स्वभाव तापट. आई म्हणायची, ही पोरगी पाण्यात पडली तर पाण्याला उकळी फुटेल. मी दुसऱ्या शहरात एका मोठ्या रुग्णालयाची अशीच यंत्रं सांभाळते. कारखान्याचं ते मुख्य यंत्र म्हातारं झालंय, त्यातला माल नव्या यंत्रात हलवायला माणूस हवाय, असं कळलं तेव्हा मी बुधवार ते शुक्रवार रजा टाकली आणि ते काम मिळवलं. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. शनिवारी सकाळी जुनं यंत्र भंगारात जाणार होतं, आणि त्याच्यासोबत ताईच्या बाजूने बोलू शकणारा एकुलता एक साक्षीदारही.

चोर मला सापडायला हवाच होता. पण तेवढ्यावर माझं भागणार नव्हतं. तो त्याच हॉलमधून, त्याच लोकांसमोर, त्याच दाराने बाहेर जाताना मला डोळे भरून बघायचं होतं.

२

यंत्रं सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे वायरबाबा म्हणत. गळ्यात जानव्यासारखी एक तार कायम लोंबत असायची. माणूस बोलका, आणि आठ महिन्यांत त्यांचं कुणी ऐकून घेतलेलं दिसत नव्हतं.

"हे मोठं यंत्र म्हणजे आमची कोठी," ते म्हणाले. "कोठीत शिरायच्या किल्ल्या दोनच. एक माझी, एक त्या बाईंची. बाकीचे आपले पडद्यावर आराखडे नुसते बघतात, हात लावायची सोय नाही. आणि ते कोपऱ्यातलं डबडं म्हणजे अडगळ. तिथे सगळे एकाच नावाने शिरतात आणि वाट्टेल ते टाकतात."

"ती चोरी कुठल्या यंत्रावरून झाली, हे कोठीच्या नोंदीत नाही?"

"तिथेच तर घोडं पेंड खातं, मॅडम! आराखडे विभागातली सगळी यंत्रं एकाच दाराने बाहेर पडतात. कोठीला फक्त दार दिसतं. दाराआड पंधरा माणसं."

"तुम्ही धरून?"

ते हसले. "मला धरून. पण मला न्यायचंच असतं तर मी त्या बाईंची किल्ली कशाला वापरू? कोठीची नोंदवही माझ्याच हातात आहे. पानच फाडलं असतं."

ते मला पटलं. ज्याच्या हातात वही आहे, तो वहीत खोटं नाव लिहून कशाला ठेवेल? पण मी कुणावरच शंभर टक्के विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून आले होते. म्हणून मी त्यांना फाइली हलवताना नीट बघत बसले. ते प्रत्येक ओळीत एक जादा खूण घालत होते.

"ही कशाला?"

"तारखा जशाच्या तशा राहाव्यात म्हणून. एकदा विसरलो होतो. सगळ्या आराखड्यांवर एकच तारीख पडली. चौदा जणांनी मिळून माझं डोकं खाल्लं. तेव्हापासून कानाला खडा!"

मी विचारलं, "त्या बाईंनी खरंच चोरी केली असेल?"

वायरबाबांनी गळ्यातली तार काढून टेबलावर ठेवली. "मी त्या हॉलमध्ये होतो, मॅडम. तोंड उघडलं नाही. माझीही किल्ली होती ना, माझ्यावर शेकलं असतं." मग ते खाली बघत म्हणाले, "चाचणीकाकांना विचारा. त्या दिवशी एकटे तेच टाळ्या वाजवत होते."

३

चाचणीकाका म्हणजे गुडघे यंत्रात घालून लाख लाख वेळा वाकवून बघणारे. तुटला की त्यांना आनंद. ताईचं आणि त्यांचं हाडवैर असल्याचं मी फोनवर वर्षानुवर्षं ऐकत आले होते. खरं सांगायचं तर माझा सूड मी मनातल्या मनात काकांच्याच मापाने शिवून ठेवला होता.

मी एक साधा सापळा लावला. आपलं यंत्र एखाद्या अनोळखी यंत्राशी पहिल्यांदा बोलायला जातं, तेव्हा ते थांबून विचारतं: याला मी ओळखत नाही, पुढे जाऊ का? आपण हो म्हटलं की त्या यंत्राची खूण ते एका लपलेल्या वहीत टिपून ठेवतं आणि पुन्हा कधी विचारत नाही. हा प्रश्न किल्ली बघण्याच्याही आधी येतो. चोर टाइप केलेल्या ओळी पुसतो. या वहीचं मात्र भल्याभल्यांना भान नसतं.

म्हणजे हिशेब सरळ होता. ताई आणि वायरबाबा सोडले तर या विभागातल्या कुणाच्याच यंत्राने कोठीला ओळखता कामा नये. जे ओळखेल, ते तिथे जाऊन आलेलं.

"नवं यंत्र बसवायच्या आधी प्रत्येकाची तार तपासायची आहे," असं सांगत मी बुधवारी टेबलाटेबलाशी गेले. प्रत्येकाच्या काळ्या खिडकीत एकच ओळ टाइप केली. अकरा यंत्रांनी विचारलं: ओळखत नाही, पुढे जाऊ? मग किल्ली नाही म्हणून कोठीने हाकलून लावलं.

गुरुवारी सकाळी काकांपाशी पोचले.

"ती गेली ते बरंच झालं," काका न विचारताच सुरू झाले. "मी म्हणायचो, तुझी खीळ हजारातून एकदा अडकते. ती म्हणायची, काका, तुमचं यंत्र अडकतं. पाच वर्षं भांडलो!"

"म्हणून टाळ्या वाजवल्यात?"

"टाळ्या? कुणी सांगितलं? त्या वायरने?" काकांचा आवाज चढला. "अगं पोरी, मी टेबलावर हात आपटत होतो! म्हणत होतो की ही चोर नाही, ही हट्टी आहे. हट्टी माणूस स्वतःचा गुडघा दुसऱ्याला देईल का? पण त्या गोंधळात म्हाताऱ्याचं ऐकतो कोण?"

मी ओळ टाइप केली. काकांच्या यंत्राने विचारलं: याला मी ओळखत नाही, पुढे जाऊ?

"हे काय विचारतंय?" काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले.

"काही नाही काका," मी म्हटलं. मला चक्क वाईट वाटलं. शिवलेला कपडा वाया गेला होता. आता एकच टेबल उरलं होतं, आणि ते माझ्या ताईचं होतं.

४

त्या टेबलाशी चिऊ बसत होती. हे नाव ताईनेच ठेवलेलं. सात वर्षांपूर्वी नवखी म्हणून आली तेव्हा जेवणाचा डबा चिमणीसारखा टिपायची म्हणून. ताईने हाताला धरून हिला शिकवलं, आणि ताई गेल्यावर ताईची खुर्ची आणि ताईचं यंत्र हिलाच मिळालं. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण दर सोमवारी फोनवर ऐकायची: "काल चिऊ आली होती गं. फळं घेऊन. माझ्याआधी तीच रडली." सगळ्या कारखान्यातून एकटी हीच ताईच्या घरी जायची.

मी समोर बसले तर तिने आधी मला पाणी दिलं. मग स्वतःहून म्हणाली, "ही खुर्ची माझी नाही, मॅडम. मी फक्त राखतेय. त्या परत येतील."

मला तिची पाठ थोपटावीशी वाटली. मीही शेवटी बहीण आहे.

"तू हे काळ्या खिडकीतलं काम करतेस?"

"छे हो! ती खिडकी बघितली तरी मला घाम फुटतो. ते सगळं त्या करायच्या. मी आपली पेन्सिलवाली."

"त्या मंगळवारी दुपारी कुठे होतीस?"

"जेवायला. पण त्या आल्या नव्हत्या आमच्याबरोबर. अर्ज पूर्ण करत एकट्याच बसल्या होत्या." तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "हे मला चौकशीत सांगावं लागलं. खोटं कसं बोलणार? त्यांनी मला माफ केलं त्याबद्दल."

मी ओळ टाइप केली. यंत्राने काहीच विचारलं नाही. थेट कोठीच्या दाराशी गेलं आणि किल्ली नाही म्हणून परत आलं.

सापडली, असं मला वाटलं. मग लगेच मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. हे यंत्र ताईचं होतं. ताई रोज कोठीत जायची. ते कोठीला ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

म्हणजे तपासलेली बारा यंत्रं निर्दोष, तेरावं ताईचं. सापळा मी लावला आणि त्यात सापडली पुन्हा ताईच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

५

गुरुवारी दुपारी मी अडगळीतला माल हलवायला घेतला. लोकांच्या सहलीचे फोटो, कुणाच्या घराचे नकाशे, कुणाचे अर्धवट अर्ज. त्यात एक फोल्डर ताईच्या नावाचं निघालं, चोरीच्या बरोबर महिनाभर आधीचं. आत तिची पत्रं, आराखडे, आमच्या आईचा एक फोटो.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. काही फाइलींच्या नावाआधी टिंब असतं. त्या नेहमीच्या बघण्यात दिसत नाहीत, लपलेल्या असतात. मी लपलेलं दाखव म्हटलं, आणि ताईची किल्ली माझ्या डोळ्यांसमोर आली. जिथे सगळा विभाग एकाच नावाने शिरतो, त्या अडगळीत ती महिनाभर उघड्यावर पडून होती. कुणीही यावं आणि उचलून न्यावी.

ताईसारख्या काटेकोर बाईने असं कसं केलं? माझा राग उसळला. "एवढी कशी गं वेंधळी तू!" असं मी त्या डबड्यासमोर पुटपुटलेसुद्धा.

आणि मग मला तो फोन आठवला.

रुग्णालयातलं अर्धं जाळं बंद पडलं होतं, डॉक्टर माझ्या नावाने शंख करत होते, आणि ताईचा फोन आला. "अगं, माझं यंत्र बदलणार आहेत. सामान कुठे ठेवू?" मी वैतागून ओरडले होते, "अडगळीत टाक! फोल्डरच्या फोल्डर उचल, एका ओळीत होतं. लिहून घे." ती ओळ मी अक्षर न् अक्षर सांगितली. तिने जपून लिहून घेतली आणि जशीच्या तशी टाइप केली. सगळं आण म्हटलं की लपवलेलंही येतं, हे मला माहीत होतं. तिला नव्हतं. नव्या यंत्रात सामान परत आणल्यावर अडगळीतलं पुसून टाक, हेही मी सांगितलं नाही. दुसऱ्या शहरात बसून मी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या.

आठ महिने मी ज्याला शिव्याशाप देत होते, त्या माणसाला दार मीच उघडून दिलं होतं. बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि उरलेला माल हलवायला परत येऊन बसले.

६

शुक्रवारी सकाळी वायरबाबांनी चहा आणला. संध्याकाळी कोठी बंद होणार होती. आता लपवण्यात काही राम नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं: मी कोण, सापळा काय, आणि तो कसा माझ्याच तोंडावर आपटला.

ते आधी खुर्चीतून अर्धवट उठले, मग पुन्हा बसले. "म्हणजे तुम्ही त्यांच्या धाकट्या? अरे देवा! पण तुमचं गणित चुकतंय, मॅडम. यंत्र त्यांचं, हे खरं. पण खातं त्यांचं नाही. त्यांचं खातं त्या दिवशीच मालकीणबाईंनी माझ्याकडून समोर बसून पुसून घेतलं. आता त्यावर फक्त चिऊचं खातं आहे."

मी कप खाली ठेवला. यंत्रं ज्यात ओळखी टिपून ठेवतात, ती वही यंत्राची नसते. ज्याचं खातं, त्याची ती वही. एका खोलीत दोन भाडेकरू राहिले तरी प्रत्येकाची पेटी वेगळी. ताईची पेटी तर केव्हाच जळून गेली होती.

"चिऊचं सामान या यंत्रावर कुणी आणलं?"

"मीच. तिच्या जुन्या यंत्रावरून फोल्डरच्या फोल्डर उचललं आणि इथे टाकलं."

"तारखांसकट?"

"तारखांसकट. कानाला खडा आहे ना!" असं म्हणता म्हणता त्यांचा हात गळ्यातल्या तारेवर थबकला. त्यांनाही कळलं होतं.

चिऊ जेवायला गेली तेव्हा वायरबाबांनी त्यांच्या अधिकारात तिचं खातं उघडलं. टाइप केलेल्या जुन्या ओळी साफ पुसलेल्या. किल्लीचा पत्ता नाही. पोरगी हुशार. पण लपलेल्या फोल्डरमध्ये ती वही होती, आणि तिच्यात एकच खूण. ती गूढ अक्षरांत असते, नुसती बघून यंत्राचं नाव कळत नाही. पण वहीलाच विचारता येतं. आम्ही विचारलं: यात कोठी आहे का? उत्तर आलं: आहे.

वहीत शेवटचं लिहिलं गेलं तो दिवस आणि ती वेळ तिच्यावर होतीच. मंगळवार, दुपारी एक वाजून नऊ मिनिटं.

जिला काळी खिडकी बघून घाम फुटतो, तिने आयुष्यात एकदाच ती उघडली होती. यंत्राने विचारलं होतं, पुढे जाऊ का? आणि ती हो म्हणाली होती.

"मालकीणबाईंना सांगा, हॉलमध्ये सगळ्यांना बोलवा," मी वायरबाबांना म्हटलं. "सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

७

मालकीणबाई साठीच्या, पाठ ताठ, बोलणं मोजकं. मी बोलत होते तोवर त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. पडद्यावर एका बाजूला कोठीची नोंद होती, दुसऱ्या बाजूला चिऊची वही. वायरबाबा उभे राहून म्हणाले, "हे मी माझ्या हाताने उघडलंय. त्या दिवशी गप्प बसलो, आज बसणार नाही."

चिऊ पांढरीफटक पडली होती. पण बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"हिच्या यंत्रावरून गेलं, मान्य. पण किल्ली तिचीच होती. तिनेच हिला दिली नाही कशावरून? दोघी मिळून असतील."

हा प्रश्न येणार हे मला रात्रीपासून ठाऊक होतं. उत्तर एकच होतं, आणि ते गिळून बसले असते तर ताई अर्धी चोर राहिली असती.

"किल्ली अडगळीत पडून होती," मी म्हटलं. "तिथे ती तिने ठेवली, कारण मी तिला चुकीची ओळ सांगितली. मी तिची धाकटी बहीण. यंत्रांची राखण हा माझा धंदा आहे, आणि चूक माझी आहे. माझ्या रुग्णालयाला कळवायचं तर खुशाल कळवा. पत्ता देते."

मग काकांनी टेबलावर हात आपटला. "मी म्हटलं नव्हतं?"

आणि तेव्हा चिऊ बोलली. रडत नव्हती.

"अकरा वर्षं त्यांची, हो. पण ती खीळ कुणाची? काका, तुम्ही म्हणायचात ना, हजारातून एकदा अडकते? ती अडकायची थांबली, कारण मी ती पहिल्यापासून नव्याने काढली. माझ्या घरी, सहा महिने. त्या म्हणाल्या, छान आहे. आणि मंगळवारी सकाळी मी अर्ज बघितला तर त्यावर एकच नाव. दुपारी जेवणातून मध्येच उठून मी अडगळीतली किल्ली उचलली आणि ती ओळ टाइप केली. मला त्या कंपनीकडून काही नको होतं. माझं नाही, तर त्यांचंही नको, एवढंच."

"मग दर रविवारी घरी कशाला जायचीस?" मी ओरडले. "फळं घेऊन?"

"आधी बघायला जायचे," ती शांतपणे म्हणाली. "कशा खचतात ते बघायला. नंतर नंतर सवय झाली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळ्यात गळा घालून केसाने गळा कापायचा, आणि वर रविवारी येऊन जखम बघून जायची! काकांनी माझा दंड धरला नसता तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

बाई उठल्या. "वकील सोमवारी तुझ्या घरी येतील. आता जा."

ती गेली. त्याच हॉलमधून, त्याच लोकांसमोर, त्याच दाराने. मी डोळे भरून बघितलं. मला ते गोड लागलं. खोटं कशाला बोलू?

८

संध्याकाळी मी ताईच्या दारात उभी राहिले तेव्हा तिला वाटलं, आमच्याकडे कुणाला तरी काही झालं. मी तिला बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. माझी ओळ, माझा फोन, अडगळ. ती ऐकत होती.

"त्या दिवशी तू फारच ओरडलीस," एवढंच ती म्हणाली. "परत विचारायची भीती वाटली."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिने केसांतून हात फिरवला. लहानपणी फिरवायची तसाच, थोडा जोरात.

मग मी चिऊचं सांगितलं. हात थांबला.

"आणि तोंड वर करून म्हणते काय, तर खीळ माझी! चोराच्या उलट्या बोंबा!"

ताई उठून खिडकीपाशी गेली.

"तिचीच आहे," ती म्हणाली.

"काय?"

"खीळ तिचीच आहे. अर्जात दोन नावं बसत होती. मी एकच लिहिलं. अकरा वर्षं झाली होती गं. मला वाटलं, तिला पुढे पुष्कळ मिळेल."

आठ महिने मी एका देवीसाठी लढत होते आणि देवीने शेवटी माणसासारखं केलं होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मालकीणबाईच होत्या. आवाज मला ऐकू येत होता: चुकलं माझं, सोमवारी ये, समोरच्या कंपनीवर दावा ठोकायचाय, अर्ज नव्याने करायचाय.

"येते," ताई म्हणाली. "पण अर्जावर दोन नावं येतील. माझं, आणि तिचं."

पलीकडे बाई काहीतरी मोठ्याने बोलल्या. ताईने ऐकून घेतलं, "हो, तिचंच," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता माझा बांध फुटला. "डोकं फिरलंय का तुझं? मी माझी नोकरी पणाला लावली, सगळ्यांसमोर नाक घासलं, आणि तू तिला बक्षीस देतेस? माफ केलंस तिला?"

"माफ?" ताई वळली. तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "दर रविवारी ती माझ्या समोर बसायची. मी तिला चहा करून द्यायचे. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलेय. माफ मी तिला मेल्यावरसुद्धा करणार नाही."

"मग?"

"तिच्याकडे आता काय उरलंय? नोकरी गेली, नाव गेलं. स्वतःला सांगायला एकच गोष्ट आहे: माझ्यावर अन्याय झाला होता, म्हणून मी हे केलं. रात्री झोप लागायला तेवढं पुरतं, मला ठाऊक आहे. मीही आठ महिने त्याच्यावरच झोपलेय." ती माझ्या समोर येऊन बसली. "ते मी काढून घेणार आहे. अर्जाची प्रत तिच्या घरी जाईल. नाव वाचेल ती. मग झोपू दे तिला, झोप लागली तर."

घरात तापट म्हणून मला ओळखतात. मी ताईकडे बघत राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला.